सतरावी ओळ

१

दुपारची भांडी झाली, की तीन ते साडेचार मी बळवंतरावांची पानं उतरवायला बसते. एकोणीस वर्षं झाली या दिनक्रमाला. आधी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि ब्याण्णव सालापासून इथे पटपडगंजला, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर. बळवंतराव कीर्तने तेव्हाही शेजारी होते, आताही आहेत. ते ३०२मध्ये, आम्ही ३०४मध्ये. मधलं ३०३ हरिदास मेहतांचं. ते मस्कतला असतात आणि ताबा घेतल्यापासून या उन्हाळ्यापर्यंत इकडे फिरकलेले नव्हते. चावी माझ्याकडे. या मजल्यावरच्या सगळ्यांच्याच चाव्या माझ्याकडे असतात. कुणाकडे कोण आलं, कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या, मला ठाऊक असतं. आमचे हे याला चौकशा म्हणतात, मी काळजी म्हणते.

बळवंतराव मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर होते आणि घरी येऊन सिंफन्या लिहीत. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो साबण वाटला. पुढे त्या नावाचा कूलर निघाला आणि लोकांना समजावणं आणखी अवघड झालं. सिंफनी म्हणजे सोळा विलायती वाद्यांनी मिळून वाजवायची एक लांबलचक रचना. मोठ्या पानावर एकाखाली एक सोळा ओळी, प्रत्येक ओळ पाच रेघांची, एकेका वाद्याला एकेक. बळवंतराव त्यात पेन्सिलीने स्वर मांडत. मी ते शाईने गिरवायचे, पेन्सिल खोडायची, आणि मग प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद काढायचा, म्हणजे वाजवणाऱ्याला आपल्यापुरतं समोर दिसतं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी जुनी अकरावी. पण शहात्तरच्या दिवाळीत माझी एकवीस ठिपक्यांची रांगोळी बघून बळवंतराव दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा हात कागदावर चालेल का?" चालला. मी स्वर वाचत नाही, ठिपके मोजते. कुठला रेघेवर, कुठला दोन रेघांच्या मधे, कुठला भरीव, कुठला पोकळ. त्यांनी पाच रिफिली रबराने बांधून दिल्या होत्या, एका ओढीत पाच रेघा.

रोज सकाळी त्यांच्या दारातून माझ्या दाराच्या कडीला एक कापडी पिशवी यायची, त्यात पेन्सिलीची पानं. संध्याकाळी तीच पिशवी शाईची पानं घेऊन परत. बोलायचं काही कारणच पडायचं नाही. पिशवी होती ना.

एक गोष्ट मात्र होती. या सिंफन्या आजवर कुणी वाजवल्याच नव्हत्या. सहापैकी एकही नाही.

२

वाचता येत नसलं तरी माणूस कसा बदलत गेला ते मला पानांवरून कळायचं.

पहिली सिंफनी काळीभोर. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी. सोळाही वाद्यं एकदमच बोलत होती, आणि माझा हात दुखून यायचा. ऐंशी सालच्या दुसरीत गर्दी तेवढीच, पण मधून गल्ल्या निघाल्या. तिसरीत वाद्यं पाळीपाळीने बोलायला लागली. चौथी त्यांची बायको पद्मजा गेल्यानंतरची, एकोणनव्वदची. तिच्यात भरीव ठिपके सरले आणि नुसते पोकळ, लांब धरायचे स्वर आले. पाचवी इथे आल्यावरची. तिच्यात बहुतेक विश्रांतीच्याच खुणा, रेघेला लटकलेल्या काळ्या विटांसारख्या. आणि यंदाची सहावी तर अशी, की पान हातात घेतलं तर आधी वाटावं शाई संपली.

"कीर्तने साहब बहुत मॉडर्न हो गए हैं," असं हरीशसाहेब म्हणाले. हे हरीशसाहेब सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले. दर शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये ते हौशी मंडळींना घेऊन वाजवतात. दोन डॉक्टर, काही शिक्षिका, वकिलातीतल्या बायका. त्यांनी सहावी वाजवायचं कबूल केलं होतं. मार्चच्या शेवटच्या शनिवारी. बळवंतराव त्रेसष्टचे झाले होते. त्यांनी स्वतःची एक ओळसुद्धा कधी खऱ्या वाद्यावर ऐकली नव्हती, घरची पायपेटी सोडली तर.

आता माझी चूक सांगते.

पहिल्या सिंफनीच्या पहिल्याच पानावर रेघा ओढताना माझ्याकडून सोळाच्या सतरा ओळी झाल्या. पान एवढं देखणं झालं होतं, की फाडवेना. पण खालची सतरावी ओळ रिकामी, आणि वर एवढं भरलेलं, सजलेलं पान. मला एकदम केतकीची आठवण झाली, बळवंतरावांची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. तिला न्हाऊमाखू घालून झालं, की पद्मजा गालावर काजळाचा ठिपका लावायची. मी टाक बुडवला आणि सतराव्या ओळीत, अगदी सुरुवातीला, एक तीट लावली. दृष्ट लागू नये म्हणून. बस.

बळवंतरावांना सांगितलं नाही. हसले असते. त्यांनी पान बघितलं आणि एवढंच म्हणाले, "सतरा बरे दिसतात, वहिनी. असू देत." तेव्हापासून मी सतराच ओढते.

दुसऱ्या सिंफनीत त्या ओळीत पेन्सिलीचे आठ-दहा स्वर होते. वाटलं, बळवंतरावांना तिचा उपयोग सापडला. ओळीच्या सुरुवातीला वाद्याचं नाव नव्हतं, तर मीही विचारलं नाही. तिसरीत ती दोन पानं चालली. पाचवीत ती सबंध होती. आणि सहावीत वरच्या सोळा ओळी गप्प, आणि ती एकटी चाललेली. मी तिचाही वेगळा कागद काढायचे, नाव न घालता, आणि पिशवीत सगळ्यांच्या खाली ठेवायचे.

३

फेब्रुवारीत एका दुपारी मी कणीक मळत होते. बाहेर ऊन होतं, खाली कुणाची तरी नवी मारुती उलटी घेताना पीं पीं करत होती. पिठात माझी बोटं नीट मळत नव्हती. बघते तर उजव्या हाताचं पहिलं बोट कणकेत टोचे मारत होतं. दोन लांब, एक आखूड, मग थांबायचं. दोन लांब, एक आखूड. टोचे वर-खाली, पाच रेघांवर बसावेत तसे.

हे मी आदल्या आठवड्यात उतरवलं होतं. सतरावी ओळ, सहाव्या सिंफनीचं अकरावं पान.

मग आवाज ऐकू आला. म्हणजे तो आधीपासून असणार. हाताला आधी कळला, कानाला नंतर. तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा, पण त्यात दम घेणं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघराची भिंत आणि ३०३ची भिंत एकच आहे. मी भिंतीला कान लावला तर माझ्या दाढांत थरथरलं.

बळवंतराव पेटी वाजवत असतील, असं म्हणावं तर ते सकाळीच केतकीकडे गुडगावला गेले होते. मीच त्यांना शेअर ऑटोपर्यंत सोडायला गेले होते, थेपल्यांचा डबा दिला होता. रेडिओ म्हणावा, तर लाइट गेलेली. आणि रेडिओवर ती ओळ कशी येईल, जी माझ्या टेबलावर उताणी पडली आहे?

चावी होती. नसती तर बरं झालं असतं, गेले नसते. पण चावी खुंटीला आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून आहे, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

कुलूप उघडलं तेव्हा आवाज थांबला. मला तेवढ्यातही कळलं, की इथे थांबायचंच होतं. अकराव्या पानावर इथे एक वीट आहे.

आत काही नाही. बिल्डरने दिली तशी खोली. खिडकीला वर्तमानपत्र लावलेलं, त्यातून पिवळं ऊन. कोपऱ्यात रंगाचे रिकामे डबे. फरशीवर तीन वर्षांची सिमेंटची धूळ, पिठी चाळल्यासारखी सपाट. तिच्यावर कुणाचं पाऊल नव्हतं. मांजराचं नाही, कबुतराचं नाही.

पण रेघा होत्या. पाच. सारख्या अंतरावर. पलीकडे बळवंतरावांची भिंत, तिच्यापासून निघून खोलीच्या मधून येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत. हाताची पाच बोटं धुळीत टेकवून एका ओढीत ओढावीत, तशा. रेघांवर ठिपका एकही नव्हता.

मी उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. दार ओढलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. घरात येऊन बसले तोवर भिंतीपलीकडे पुढचा स्वर सुरू झाला, जिथे सोडला होता तिथूनच.

४

"मजुरांनी फावडं ओढलं असेल," आमचे हे म्हणाले. सुधाकररावांना सगळ्याचं उत्तर असतं आणि ते जेवताजेवता देता येतं.

"फावड्याला पाच दात असतात?"

"पंजा असतो ना. बागेतला."

"तिसऱ्या मजल्यावर बाग?"

"अगं, आवाज पाइपातून येतो. वरच्या शर्मांकडे नवीन पंप बसलाय. आणि तू दिवसभर तेच तेच उतरवतेस, तर डोक्यात तेच वाजणार. मला नाही का फायलींची स्वप्नं पडत? छोडो यार. आमटी वाढ."

मला पटलं. खरं सांगते, पटलं. दोन दिवस पटलेलं होतं. पंप सकाळी लागतो, दुपारी नाही, हे मी मुद्दाम तपासलं नाही. पद्मजा असेल, असंही एकदा मनात येऊन गेलं, पण ते मीच खोडलं. मी तीट लावली तेव्हा पद्मजा पलीकडच्या खोलीत मटार सोलत बसलेली होती, आणि मला हाक मारून विचारत होती, चहा टाकू का म्हणून.

मी एवढंच केलं, की कणीक मळायला पाट घेऊन बाल्कनीत बसू लागले.

५

मार्चच्या पहिल्या रविवारी बळवंतराव आणि केतकी आमच्याकडे आले. केतकी आता कंप्युटरच्या कंपनीत होती, गुडगावला. बापाची पानं तिला कंप्युटरवर घालायची होती. बळवंतराव खुर्चीच्या कडेवर बसले. हातात ती कापडी पिशवी, घडी घातलेली.

"वहिनी," ते म्हणाले, "एक विचारू? राग मानू नका."

"मी कधी मानलाय?"

"शेवटचं पान तुम्ही रिकामं परत पाठवलंत."

"रिकामं दिलंत, रिकामं पाठवलं. मला वाटलं, अजून लिहायचं असेल."

"नाही, ते वरचं मी मुद्दामच रिकामं ठेवलंय. तुमचं झालं, की मग मला कळतं वर काय हवं." ते चाचरले. "घाई नाही. पण तीन आठवड्यांवर आलंय, आणि शेवटचे बारा ठोके अजून... तुम्हाला काही सुचत नसेल तर तसं सांगा. मी समजू शकतो."

मला काहीच कळेना. "मला काय सुचायचंय, बळवंतराव?"

"सतरावी ओळ."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"ती तुम्ही लिहिता ना," मी म्हटलं. "पेन्सिलीने. मी नुसती गिरवते."

"मी सतरावी ओळ कोरी देतो," बळवंतराव हळूच म्हणाले. "पहिल्यापासून. संध्याकाळी पिशवी येते, त्यात ती तुमच्या अक्षरात शाईने भरलेली असते."

"एक मिनिट, काकू," केतकी म्हणाली. "सीरियसली? एकोणीस वर्षं? तुम्ही दोघांनी एकमेकांना एकदाही विचारलं नाही?"

"काय विचारायचं," बळवंतराव म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला वाटलं, वहिनींना येतं, पण सांगायचं नाहीये. बायकांना घरात किती गोष्टी लपवून कराव्या लागतात. बोललो आणि त्यांनी थांबवलं तर? आणि ते फार चांगलं होतं, केतकी. दुसरीतलं ऐकलं तेव्हाच मला कळलं, की माझ्याहून चांगलं आहे. मग मी जागा करत गेलो. कर्णे काढले, नगारे काढले. ती ऐकू यावी म्हणून."

 

"पण पेन्सिल कुणाची?" केतकी म्हणाली. "काकू, पेन्सिल तर असेल ना खाली?"

"मी खोडते, बाळा. गिरवलं की खोडते. तेच काम आहे माझं."

पिशवी त्यांच्या दारातून निघायची आणि माझ्या कडीला अडकायची. मधे फक्त ३०३चं दार.

तेव्हा मी तिटेचं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण बळवंतरावांचा चेहरा असा झाला होता, की आणखी एक चमचासुद्धा त्यात टाकवेना.

"म्हणजे या सहामधलं माझं काय आहे?" त्यांनी विचारलं. कुणालाच विचारलं नाही, तरी आम्ही तिघांनी खाली बघितलं.

६

मंगळवारी सकाळी पिशवी आली नाही. बुधवारी नाही. गुरुवारी खालून रद्दीवाल्याची हाक आली आणि मी सवयीने बाल्कनीतून वाकले, तर बळवंतराव खाली उभे. पायांशी सुतळीने बांधलेले सहा गठ्ठे. तराजू निघालेला.

मी चपलाही घातल्या नाहीत.

"भैया, ये नहीं देना है," मी रद्दीवाल्याला म्हटलं आणि गठ्ठ्यांवर सरळ बसले. सोसायटीच्या गेटात, सेहेचाळीस वर्षांची बाई, रद्दीवर. चौकीदार बघायला आला.

"वहिनी, उठा."

"नाही उठत. एकोणीस वर्षं माझाही हात दुखलाय यात."

"हरीशजींना मी फोन करून नाही म्हणणार आहे."

"बळवंतराव, माझं ऐका आधी." आणि तिथेच, चौकीदारासमोर, मी तिटेचं सांगितलं. सतरावी ओळ कशी चुकून झाली, टाक कसा बुडवला, तिच्यातला पहिला ठिपका कुणाचा. "तीट रोज पुसायची असते, रोज नवी लावायची. मी लावली आणि विसरले. एकोणीस वर्षं ती तशीच राहिली. माझ्यामुळे झालंय हे, जे काय असेल ते. तुमचं तुमच्यापाशीच होतं. मी मधे कुणाला तरी जागा दिली."

 बळवंतराव माझ्याशेजारी, तिसऱ्या सिंफनीवर, बसले.

"तुम्ही दृष्ट काढलीत माझ्या सिंफनीची," ते म्हणाले. आणि चक्क हसले, जरासे.

"एक शनिवार," मी म्हटलं. "वाजवून बघू दे त्यांना. मग हवं तर मीच रद्दीत घालते."

"एका अटीवर. सतरावी कुणी वाजवायची नाही. तिचा कागद न्यायचाही नाही. ती काढल्यावर काय उरतं, ते मला ऐकायचंय. काही नाही उरलं, तर नाही. मला माहीत हवं."

मी हो म्हटलं. रद्दीवाला म्हणाला, "तो मैं जाऊँ?"

७

त्या शनिवारी तालीम होती. शाळेच्या हॉलला मुलांच्या डब्यांचा वास होता. चार वाजताचं ऊन उंच खिडक्यांतून येऊन व्यासपीठावर चौकोन पाडत होतं. सोळा माणसं, सोळा स्टँड. मी उतरवलेले कागद मला लांबूनही ओळखू येत होते. केतकी पहिल्या रांगेत, बळवंतराव तिच्या शेजारी, हात मांड्यांखाली दाबून.

कागद न्यायचा नाही, असं मी कबूल केलं होतं. पण तो माझ्या पर्समध्ये होता. मी आयुष्यात कधी पाहुणा मोजून पान मांडलेलं नाही. एक जास्तीचं असतंच, आणि कुणी नाही आलं तर रात्री मी जेवते त्यात. व्यासपीठावर वादकांच्या मागे, पडद्याजवळ, एक मोडकी खुर्ची आणि एक स्टँड कुणी वापरत नव्हतं. मंडळी वाद्यं जुळवत होती तेवढ्यात मी जाऊन त्यावर कागद ठेवला. नाव नसलेला. कुणी बघितलं नाही. येऊन केतकीच्या शेजारी बसले.

हरीशसाहेबांनी काठी उचलली.

सुरुवात सोळाजणांची होती. थोडेसेच स्वर, लांब लांब. मला संगीत कळत नाही, पण मला वाटलं, हिवाळ्यात सकाळी सगळे एकेक करून बाल्कनीत उन्हाला येतात, तसं आहे हे. मग ते एकेक करून थांबले. तिसऱ्या पानानंतर वर काहीच नाही, हे मला माहीत होतं. हरीशसाहेबांची काठी मात्र चालूच, रिकामे ठोके मोजत. एक, दोन, तीन. हॉल गप्प. बळवंतरावांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, झालं, हेच त्यांना ऐकायचं होतं. काही उरत नाही.

मग माझं बोट पर्सवर टोचायला लागलं.

दोन लांब, एक आखूड.

ते मागून, पडद्याजवळून आलं. दम न घेता. भिंतीतून आलं तेव्हा तो आवाज कोंडलेला होता. इथे तो मोकळा होता आणि काय सांगू, छान होता. सनई नाही, माणूस नाही, पण दोघांचा नातलग. सोळा वादकांपैकी कुणी मान वळवली नाही. प्रत्येकाला वाटत असणार, दुसरा कुणी वाजवतोय. मी वादकांच्या मागे बघितलं. न बघणं मला जमत नाही.

खुर्ची रिकामी होती. स्टँडवर कागद. वाजवणाऱ्याला पान उलटायला सवड मिळावी म्हणून मी प्रत्येक कागद असा उतरवते, की पानाच्या शेवटी विश्रांती यावी. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आपलं आपण सुचलेलं. आवाज थांबला. ती विश्रांती आली. आणि कागदाचा खालचा उजवा कोपरा सावकाश वर उचलला गेला, जरा थांबला, दोन पानं चिकटली की आपण चोळतो तसा चोळला गेला, आणि पान उलटलं.

खिडक्या बंद होत्या. पंखे बंद होते. पुढचा स्वर वेळेवर सुरू झाला.

मी पुन्हा तिकडे पाहिलं नाही. बळवंतरावांकडे पाहिलं. त्यांचे डोळे आता उघडे होते आणि ओठ हलत होते. ते मोजत होते. मग सोळातलं एकेक वाद्य परत येऊ लागलं, त्या ओळीच्या खाली हात धरल्यासारखं. शेवटचं पान आलं तिथे हरीशसाहेब थांबले. पुढे कागद कोरे. मागचा आवाजही थांबला.

"कीर्तने साहब, यहाँ बारह मात्राएँ ख़ाली हैं. क्या करना है?"

बळवंतराव उठून उभे राहिले. "दे दूँगा," ते म्हणाले. "कल सुबह तक दे दूँगा."

"और वो पीछे कौन है? बहुत अच्छा बजाता है. अगले हफ़्ते भी बुलाइए."

केतकीने माझा दंड एवढा घट्ट धरला होता, की नंतर चार दिवस वळ राहिला. बाहेर ऑटोसाठी उभे असताना बळवंतराव स्वतःशीच म्हणाले, "जागा मी केली होती, वहिनी. ते कुणी का वाजवेना. ती जागा माझी होती."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी आली. बारा ठोके, सोळाही ओळी, गुळाच्या ढेपेवर मुंग्या. सतराव्या ओळीत पेन्सिल नव्हती. मी पान उन्हाला धरून तिरपं करूनही बघितलं. नव्हती.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सहावी वाजली. आमच्या मराठी मंडळाची चाळीसेक माणसं आली होती, आमचे हेही, इस्त्रीचा सदरा घालून. मागे खुर्ची आणि स्टँड मी पुन्हा मांडलं. बळवंतराव बघत होते. ती ओळ पुन्हा आली, शेवटच्या बारा ठोक्यांच्या आधी थांबली, आणि ते बारा ठोके सोळाजणांनी एवढ्या जोरात वाजवले, की सुधाकरराव दचकले. परतताना ते म्हणाले, "तो पाइपवाला आवाज चांगला होता." मी बरं म्हटलं.

मे महिन्यात मेहता मस्कतहून सुटीवर आले, बायको, दोन मुली, सायकली, कार्टनच्या कार्टन. ३०३ उघडताना मी सोबत गेले. धूळ होती. रेघा नव्हत्या. मुलींनी पहिल्या दिवशीच सगळी पुसून काढली आणि आता दुपारभर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चेंडू आपटतो. मी कणीक पुन्हा आत मळते.

बळवंतराव सातवी लिहीत आहेत. पहिलीसारखी दाट, पण आता दाटीत वाट आहे. माझा हात दुखतो आणि मी कुरकुरत नाही. मला सोळाच ओळी ओढायला हव्यात. मी सतरा ओढते. कुणी विचारलं तर सांगेन, हाताला सवय आहे. सतरावी रोज कोरी येते आणि मी कोरी परत करते. कधी कधी, संध्याकाळी पिशवी अडकवताना, जरा चुकचुकल्यासारखं होतं.

गेल्या मंगळवारी पहिला भाग संपला. शेवटचं पान शाईने गिरवून, खोडून, मी टेबलावर वाळत ठेवलं आणि चहा टाकायला गेले. परत आले तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात, रेघांच्या बाहेर, बाळाच्या कानामागे लावतात तशा जागी, एक बारीक काळा ठिपका होता.

मी बोट लावून पाहिलं. शाई नव्हती. काजळ होतं, ताजं.

मी ते पुसलं नाही. ते संध्याकाळी पुसायचं असतं.